ह्यांना दाखवण्याआधी

स्पष्टच सांगतो, मी जळलो. अशा वेळी लोक "जरा मनाला लागलं हो" असं काहीतरी गुळमुळीत बोलतात. मला तसलं जमत नाही. माझ्या बायकोनं कॉम्प्युटर शिकायला वाचनालयातल्या एका सरांचा क्लास लावला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

यात जळण्यासारखं काय, असं वाटत असेल तर ऐका. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. घराच्या खालीच, जिन्याला लागून. तीन गल्ल्यांतले लोक मला 'डॉक्टर' म्हणतात. बंद पडलेलं मशीन काखोटीला मारून येतात आणि चालू झालेलं घेऊन जातात. आणि या डॉक्टरची स्वतःची बायको औषधाला दुसरीकडे जाते! लोक काय म्हणतील ते सोडा, मला स्वतःलाच काय म्हणावं ते कळेना.

"मला सांगितलं असतंस तर मी नसतं का शिकवलं?" मी विचारलं.

"तुम्हाला वेळ कुठे असतो?" ती म्हणाली आणि वही पिशवीत टाकून निघून गेली.

वेळ म्हणे! बावीस वर्षांत एकदा तरी मला काही विचारलंय का हिनं?

बरं, तिथं शिकवत काय होते? मी रोज लोकांच्या मशीनवर जी चढवतो ती नेहमीची सिस्टीम नाही. ही दुसरीच, लिनक्स. फुकट मिळते, आतलं सगळं उघडं, कोणीही बघा, कोणीही बदला. आणि तीसुद्धा खऱ्या मशीनवर नाही, व्हर्च्युअल मशीनमध्ये. म्हणजे आपल्या चालू कॉम्प्युटरच्या आत, एका खिडकीत, एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा. त्याला थोडी मेमरी द्यायची, डिस्कचा एक तुकडा तोडून द्यायचा आणि त्याच्यावर ही लिनक्स बसवायची. बाहेरचं मशीन म्हणजे यजमान, आतलं म्हणजे पाहुणा. हे शब्द सरांचे.

"पाहुण्यानं त्याच्या खोलीत कितीही धिंगाणा घातला तरी यजमानाला धक्का लागत नाही," जेवताना ती मला समजावून सांगायला लागली. मला! "म्हणून नवशिक्यांना हे बरं. सर म्हणाले, बिघडवा. बिघडवल्याशिवाय भीती जात नाही. सर म्हणाले, काही मोठं करण्याआधी एक खूण करून ठेवायची. मग बिघडलं तर त्या खुणेवर परत यायचं, झालं. काहीच घडलं नाही असं मशीन पुन्हा समोर उभं."

"स्नॅपशॉट म्हणतात त्याला."

"हो, पण सर खूण म्हणतात."

त्या एका जेवणात ती नऊ वेळा 'सर म्हणाले' म्हणाली. मी मोजलं. दहाव्यांदा म्हणाली तेव्हा मी पाणी प्यायला उठलो.

त्यानंतरच्या रविवारी मी आंघोळ करून बाहेर आलो तर घरातला लॅपटॉप टेबलावर उघडा आणि पडद्यावर ही भली मोठी सूचना, 'डिस्कवरचं सगळं पुसून नवीन सिस्टीम बसवायची का?' बाईसाहेबांचं बोट 'होय'वर. माझे डोळे पांढरे झाले. त्या लॅपटॉपवर आमच्या लग्नापासूनचे फोटो आहेत. मी "अगं अगं अगं!" करत धावलो आणि भिंतीतली वायर खसकन उपटली. पण लॅपटॉपला बॅटरी असते, वायर काढून तो थोडाच बंद पडतो? मी टॉवेलवर उभा, हातात वायर, आणि ती माझ्याकडे शांतपणे बघत 'होय' दाबून मोकळी झाली.

"अहो, ही पाहुण्याची डिस्क," ती म्हणाली. "खोटी. आपले फोटो जागच्या जागी आहेत."

हे मला माहीत नव्हतं का? होतं! त्या क्षणी सुचलं नाही, इतकंच. पण ती हसली नाही हो. हसली असती तर मीही हसलो असतो आणि विषय मिटला असता. तिनं नुसती मान वळवली आणि पुढची चौकट वाचायला लागली. एकेक शब्द, बोट ठेवून.

"एवढं काय वाचतेस?" मी म्हणालो. "त्या चौकटीत खाली बारीक अक्षरात आधीच केलेली टिक असते. ती काढायची आणि पुढे जायचं."

"सर म्हणाले, चौकट आली की आधी पूर्ण वाचायची."

आता हा टिकचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सांगतो. कुठलाही प्रोग्रॅम बसवताना कोपऱ्यात एक टिक लपवलेली असते. तुम्ही भाबडेपणानं ओके म्हणता आणि सोबत तीन भलतेच प्रोग्रॅम मशीनमध्ये घुसतात. माझ्याकडची निम्मी दुखणी या टिकपायी. म्हणून दुकानात भिंतीवर मी ठळक अक्षरांत लावलंय : आधी टिक काढा. माझं बोट आता झोपेतही टिक काढेल. हे ज्ञान मी बायकोला फुकट देत होतो आणि तिला ते सरांपुढे फिकं वाटत होतं.

शेवटी मी सरांना बघायला गेलोच. निमित्त काढलं, वाचनालयाचा प्रिंटर कुरकुरतोय असं कानावर आलं होतं. सकाळी अकरा वाजता गेलो. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लावून टेबलं, नऊ-दहा जणं बसलेली. बहुतेक साठीच्या पुढचे. एक निवृत्त शिंपी, दोन नर्सबाई, एक आजोबा जे माऊस उलटा धरून बसले होते. आणि मधून फिरणारे सर. टेलिफोन खात्यातून निवृत्त, म्हणे. मला वाटलं होतं कोणीतरी रुबाबदार माणूस असेल. कसलं काय! बारकासा, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, आवाज असा की शेजारच्यालाच ऐकू जावा.

आणि तो माणूस दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरत होता. आजोबांचा पाहुणा अडकला. पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं. आजोबा हवालदिल. सर वाकले, बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?" आजोबा विचार करत बसले. पाच मिनिटं! मी असतो तर पाच सेकंदांत दोन बटणं दाबून चालू करून दिला असता. हा मनुष्य हात मागे बांधून नुसता उभा. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, याला येतच नसणार, आलं असतं तर हात लावला नसता का? शेवटी आजोबांनीच कुठली तरी किल्ली दाबली, पडदा उजळला आणि सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं सगळ्यात जास्त.

प्रिंटर मी दुरुस्त केला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

महिन्याभरानं तिनं बातमी आणली. पुढची तुकडी शिकवायला सरांना जमणार नव्हतं, ते मुलीकडे राहायला चालले होते. (माझा जीव भांड्यात पडला.) आणि त्यांनी आपल्या जागी तिचं नाव सुचवलं होतं. (परत बाहेर आला.) वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं होतं की आजपासून चौथ्या शनिवारी चार पाठ तयार करून आणा, त्यातला एक आमच्यासमोर शिकवून दाखवा, मग ठरवू. नवशिक्यांसाठी, सोप्या मराठीत. तिच्याखेरीज आणखी दोघांनी अर्ज केला होता.

हे सांगताना तिचे कान लाल झाले होते. लग्नात झाले होते तसे. आमच्या घरात तिला कोणी कधी 'तुम्ही शिकवाल का?' असं विचारलं नव्हतं. हे मला कळत होतं, मी काही दगड नाही. पण माझ्या तोंडून निघालं काय? "बघ बुवा, झेपेल का."

त्यानंतर रोज दुपारी ती टेबलाशी बसून टकटक करायची. मी खालून जेवायला वर आलो की खिडकी लहान करून ठेवायची. मला काही दाखवायची नाही. मी विचारायचो नाही. विचारायचं कोणी, तिनं की मी? मी तिन्ही गल्ल्यांचा डॉक्टर! तिनं एकदा नुसतं म्हणावं, "अहो, जरा बघता का हे?" एवढंच मला हवं होतं. एवढ्यासाठी मी दोन महिने आतल्या आत शिजत होतो.

गुरुवारी ती बहिणीकडे गेली. संध्याकाळी येते म्हणाली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी वर आलो, पाणी प्यायलो आणि लॅपटॉपसमोर बसलो. वाचायला नाही, नुसतं बघायला. घरातलंच मशीन, मीच जुळवून दिलेलं. त्यात चोरी कसली?

व्हर्च्युअल मशीन उघडलं तर आधी तिच्या खुणांची यादी दिसली. एकाखाली एक, तारखांसह, प्रत्येकीला नाव दिलेलं. 'अपडेट करण्याआधी.' 'फाइल पुसण्याआधी.' 'पासवर्ड बदलण्याआधी.' 'डिस्कचे दोन भाग करण्याआधी.' मी वाचत गेलो. ही बाई काय काय करत होती आणि मला पत्ता नाही! डिस्कचे भाग पाडायला माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं घाबरतात. आणि सगळ्यात शेवटची खूण, बरोबर तीन आठवड्यांपूर्वीची : 'ह्यांना दाखवण्याआधी.'

मी ती ओळ चार वेळा वाचली असेल.

म्हणजे होतं! मला दाखवण्यासारखं काहीतरी तिनं जपून ठेवलं होतं. तीन आठवडे खूण करून ठेवलेलं आणि मी मूर्ख, रोज तोंड फुगवून जेवून खाली जात होतो. तिला वाटत असेल, ह्यांना वेळ मिळाला की दाखवीन. माझा सगळा राग विरघळला. सरांची एकदम दया आली. टाळ्या तुम्हाला असतील हो सर, पण खूण माझ्या नावाची आहे.

काय दाखवायचं होतं ते बघायचा मोह कोणाला आवरला असता? मी त्या खुणेवर क्लिक केलं, 'पुन्हा आणा' दाबलं. एक चौकट आली. तीत काहीतरी लिहिलेलं आणि खाली एक टिक, आधीच केलेली.

मी टिक काढली. ओके.

पाहुणा जागा झाला. एक पान उघडं होतं. वर ठळक लिहिलेलं, 'पाठ पहिला', आणि खाली चार-पाच ओळी. 'हा कॉम्प्युटर तुमचा आहे. त्याला हवं ते करा. तो मोडला तर नवा करू.' साधं, सरळ. माझ्यापेक्षा बरं लिहिलं होतं, हे कबूल करायला त्या क्षणी मला जड गेलं नाही. मी सगळं बंद केलं, खुर्ची होती तशी सरकवली आणि शिट्टी वाजवत खाली गेलो. ठरवलं, आज संध्याकाळी मीच विचारायचं.

ती साडेपाचला आली. मी दुकान लवकर बंद करून वर गेलो तेव्हा ती टेबलाशी उभी होती. बसलेली नाही, उभी. पिशवी अजून खांद्यावर.

"माझे पाठ कुठे गेले?" ती म्हणाली.

"आहे की. पहिला पाठ. काय छान—"

"पहिल्याच्या पाच ओळी आहेत. चार पाठ होते, अहो. चित्रांसकट. तीन आठवड्यांचे." ती माझ्याकडे वळली. "खुणेवर तुम्ही आणलंत का परत?"

मी हो म्हणालो.

"मग आत्ताचं जपून ठेवू का, असं त्यानं विचारलं असेल. त्यासाठी टिक असते."

ती चौकट मी वाचली नव्हती. बावीस वर्षांत मी एकही चौकट वाचली नव्हती.

"काढली?" तिनं विचारलं.

"काढली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवी खाली ठेवली, खुर्चीत बसली आणि थोडा वेळ हाताचे तळवे बघत राहिली. मी काय काय बडबडलो. डेटा परत आणणारे प्रोग्रॅम आहेत माझ्याकडे, मी काढून देतो, गिऱ्हाइकांचे काढून देतो ना. दीड तास झटलो. काही निघालं नाही. पाहुण्याची डिस्क खोटी असली तरी तिच्यावरचं गेलं ते खरंच गेलं. शेवटी मी हात टेकले.

मग तिनं सरांना फोन लावला. मी दारात उभा. आता ती सांगणार, आणि तो बारकासा माणूस त्या बारक्या आवाजात काय म्हणणार, याची मला कल्पना करवेना.

"सर, पाठ गेले," ती म्हणाली. "तीन आठवड्यांचं. हो. खुणेवर परत आले आणि आत्ताचं जपायला विसरले. माझ्याच हातून झालं, सर. घाई केली." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नाही, शनिवारी येणार. जेवढं होईल तेवढं घेऊन येते."

खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. त्या क्षणी मला आनंद झाला. शरमेनं मान खाली होती आणि आतून उकळ्या फुटत होत्या. ती सरांशी खोटं बोलली. माझ्यासाठी. दोन महिने 'सर म्हणाले, सर म्हणाले', आणि वेळ आली तेव्हा तिनं कोणाला सांभाळलं? मला!

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. आवाज मऊ केला. "चुकलंच माझं," मी म्हणालो. "पण तुला सांगू, ती खूण बघून राहवलं नाही गं मला. माझ्यासाठी म्हणून तू वेगळं काढून ठेवलं होतंस. 'ह्यांना दाखवण्याआधी.' तीन आठवडे थांबलीस. आधीच दाखवायचं ना."

ती माझ्याकडे बघायला लागली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. आजोबांचा पडदा काळा झाल्यावर ते बघत होते तसं काहीसं.

"तुमच्यासाठी नव्हती ती," ती म्हणाली. "खूण जोखमीच्या कामाआधी करतात."

यादी डोळ्यांसमोरून गेली. अपडेट, पुसणं, पासवर्ड, डिस्कचे भाग, आणि मी.

"नंतर नुसतं लिहीत होते," ती म्हणाली. "लिहिण्यात कसली जोखीम? म्हणून पुढे केली नाही. माझीही चूकच."

"पण मग," मी म्हणालो, "जोखीम पत्करायचं राहूनच गेलं ना? दाखवलंस कुठे मला?"

"दाखवलं की."

"कधी?"

"त्याच दिवशी. खाली दुकानात लॅपटॉप घेऊन आले होते. म्हटलं, अहो, जरा बघता का हे. तुम्ही माझ्या हातातून माऊस घेतलात, अक्षरं लहान केलीत, फॉन्ट बदललात आणि म्हणालात, असं असतं. मग तुमचं गिऱ्हाईक आलं." ती पडद्याकडे वळली. "मी वर येऊन खुणेवर परत आणलं."

मी आठवायचा प्रयत्न केला. तारीख मला पाठ झाली होती. त्या दिवशी एक दंतवैद्य मशीन घेऊन आला होता. मदरबोर्डवरचे तीन कपॅसिटर फुगलेले. तिन्ही बदलले आणि चौथा बरा दिसत असूनही खबरदारी म्हणून बदलला. पंख्यात साठलेली धूळ आठवली. दंतवैद्य जाताना 'मानलं, डॉक्टर' म्हणाला तेही आठवलं. ती आलेली आठवेना. कुठे उभी राहिली, लॅपटॉप कुठे ठेवला, कुठली साडी, काही म्हणजे काही नाही.

तिनं पहिल्या पाठाच्या पाच ओळींखाली सहावी लिहायला घेतली.

"तू सांग, मी टाइप करतो," मी म्हणालो. "माझा हात जलद आहे. शनिवारपर्यंत चारही होतील."

"नको," ती म्हणाली. "दोन होतील माझे. पुरेत."

ती एकेका बोटानं अक्षर शोधून टाइप करते. 'क्ष' कुठे असतो ते मला बघताक्षणी दिसत होतं आणि तिला सापडत नव्हता. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिलो.